फुकटचे नाणे आणि बोजारा

नाणे पाडावे ते राजाने, अशी आपली जुनी समजूत. शिवछत्रपतींनी होन पाडला, इंग्रजांनी राणीच्या छापाचा रुपया पाडला. त्या नाण्यांमागे टांकसाळ होती, खजिना होता आणि वेळ पडल्यास फौजही होती. 2009 च्या जानेवारीत बिटकॉइन नावाचे जे नाणे निघाले, त्यामागे ह्यांपैकी काहीच नव्हते. ते हाताला लागत नाही. संगणकांच्या जाळ्यातली ती एक नोंद. अशा नाण्याला मोल येते ते केवळ त्याला मानणाऱ्या माणसांमुळे. तेव्हा नवे नाणे काढणाऱ्यापुढे पहिला प्रश्न माणसे जमवण्याचा असतो, आणि बहुतेकांना एकच उपाय सुचतो: नाणी फुकट वाटा! ह्या वाटपाला ‘एअरड्रॉप’ म्हणतात. पुरात अडकलेल्यांना विमानातून अन्नाची पाकिटे टाकावीत, तसे. पण अशी जमलेली माणसे टिकतात का?

पहिले मोठे वाटप 2010 साली झाले. गॅव्हिन अँड्रेसन ह्या गृहस्थाने इंटरनेटवर जणू एक नळच बसवला. येईल त्याला पाच बिटकॉइन. असे 19,000 वर बिटकॉइन त्याने वाटले. (आजच्या भावाने हिशेब करू नये, सणासुदीला जीव हळहळतो.) ते वाटप फळले. ह्याचे कारण मला असे दिसते, की तेव्हा त्या नाण्याला बाजार जवळजवळ नव्हताच. विकणार कोणाला? एकमेकांना पाठवून पाहावे, मोडतोड करून पाहावे, एवढीच मौज. खेळता खेळता गडी तयार झाले.

आइसलंडची गोष्ट निराळी. 2008 साली त्या देशाच्या बड्या बँका बुडाल्या आणि पैसा देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आले. लोक चिडलेले होतेच. ते पाहून टोपणनाव घेतलेल्या कोणा एकाने ‘ऑरोराकॉइन’ काढले आणि 25 मार्च 2014 पासून देशातल्या प्रत्येक नागरिकाला 31.8 नाणी देऊ केली. हेतू उदात्त, पण ह्या वेळी बाजार आधीच मांडलेला होता. ज्याला मिळाले त्याने उठून विकले, आणि भाव कोसळला. पुढच्या फेरीत माणशी 318 नाणी, त्यापुढच्या फेरीत 636! दान वाढत गेले आणि घेणारे विरत गेले. न मागितलेली नाणी शेवटी नष्ट करावी लागली. दुकानात ते नाणे चालवावे, अशी गरज कोणालाच पडली नव्हती.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या अंगाने येऊन गेला आहे, आणि तोही सिंदीपासून आगगाडीने जवळच असलेल्या नागपुरात सुरू होऊन. 1920 च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने सभासदत्वाची वर्गणी चार आणे ठरवली. चार वर्षांनी बेळगावला, गांधीजी अध्यक्ष असताना, चार आण्यांच्या जागी सूत आले: दरमहा 2,000 वार. फुकट वाटणे दूरच. इथे घेणाऱ्यालाच श्रम द्यायचे होते. पण ज्याला कातणे नको त्याने दुसऱ्याचे सूत आणून द्यावे, अशी सवलत ठेवली होती, आणि त्या फटीतून बाजार आत शिरला. लोक सूत विकत घेऊन भरू लागले. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला नियम सैल करून चार आणे पुन्हा चालू केले. मात्र त्याच वेळी चरखा संघ निघाला, आणि मनापासून कातणारी मंडळी तिथे जमली. वर्ध्याजवळ पवनारला धाम नदीच्या काठी 12 फेब्रुवारीच्या मेळ्यात सूतगुंडी वाहण्याची चाल ह्याच परंपरेतली. ती गुंडी बाजारात नेऊन कितीशी मिळकत होणार? म्हणूनच ती आणणारा खरा.

मग वाटप वाईटच काय? तसे म्हणावे तर सिंदीचा तान्हा पोळा आड येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडी बैल सजवून तोरणाखाली न्यायचे, हा विदर्भाचा सण. त्याची सुरुवात नागपूरकर भोसल्यांनी केली असे सांगतात. सिंदीत तो शंभरांहून अधिक वर्षे मोठ्या थाटाने भरत आला आहे, आणि तिथले मोठमोठे लाकडी नंदी पाहायला गावोगावचे लोक येतात. नंदी घेऊन पोर दारात आले की घरची बाई त्याला ओवाळून बोजारा देते. हेही फुकटच वाटप! फरक एवढाच, की पोराला नंदी आणावा लागतो, आणि देणारी त्याला ओळखते. “तू अमक्याचा नातू ना रे?” हा प्रश्न चुकत नाही. नव्या नाण्यांच्या वाटपात एकच इसम शंभर नावांनी हात पुढे करतो, आणि ते हुडकण्यात वाटणाऱ्यांचा दम निघतो. सिंदीच्या गल्लीत दुसऱ्यांदा आलेला पोरगा पहिल्याच ओट्यावर पकडला जाईल.

अलीकडे काही शहाणे आधी वापरणाऱ्यांनाच वाटतात. 2020 च्या सप्टेंबरात युनिस्वॉप ह्या विनिमयजाळ्याने आपल्या जुन्या वापरकर्त्यांना किमान 400 नाणी दिली. ही वाट बरी. तरी नाणे ज्या दिवशी हाती आले त्याच दिवशी ते विकताही येत होते, आणि अनेकांनी ते विकले. पोळ्याचा बोजाराही संध्याकाळपर्यंत खाऊत उडतोच. नंदी मात्र माळ्यावर चढतो, आणि पुढच्या श्रावणात कोणीतरी रंगाचा डबा घेऊन त्याला खाली उतरवतो.