छापील किंमत आणि हाली रुपया

बंद पडलेल्या दुकानांच्या आठवणींत वस्तूंइतकेच व्यवहाराचे शब्दही टिकून राहतात. ‘एकच भाव’ हा असाच एक शब्दप्रयोग होय. १८८२ साली कलकत्त्यात स्थापन झालेल्या व्हाइटअवे लेडलॉ कंपनीचे मुंबईतील भव्य दुकान हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, होते. सूचिपत्र, छापील किंमत आणि रोखीचा व्यवहार ही त्याची वैशिष्ट्ये होत. तेथे घासाघीस नव्हती; उधारीही नव्हती. विलायती मालाचे हे दुकान कालांतराने बंद झाले आणि त्याच वास्तूत खादी भांडार आले.

परंतु या दुकानाची स्मृती सर्व मराठी भाषकांची नव्हे. भोकरदन तालुक्यातील केदारखेडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या राजवटीत तेथील चलन हाली सिक्क्याचे; ६ कलदार रुपयांस साधारणतः ७ हाली रुपये पडत. म्हणजे मुंबईच्या सूचिपत्रातील ६ रुपयांची वस्तू येथे ७ रुपयांची होई, टपालखर्च निराळाच. मुंबईकरास जी किंमत अंतिम, ती येथे केवळ हिशेबाचा आरंभ ठरे.

शिवाय कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती पैसा येई तो सुगीनंतर. त्यास उधारी देणारा वाणी दर अधिक लावी, पण अडचणीत धान्यही देई. ‘एकच भाव’ या शब्दांतील समता खरी होती. मात्र ती रोख रक्कम बाळगणाऱ्यांपुरतीच होती. बंद दुकानांचा इतिहास लिहिताना त्यांच्या दारापर्यंत कधीच न पोहोचलेल्या ग्राहकाचीही नोंद घेतली पाहिजे.