कुंडल रोडचा नांगर आणि सोलोंचे सात अष्टमांश

रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली अमेरिकेच्या उत्पादनाचा जो प्रसिद्ध हिशेब मांडला, तो १९०९ ते १९४९ या काळाचा होता. १९१० साली, म्हणजे त्या हिशेबाच्या पहिल्याच पानाशी, औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनालगतच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना मांडला. हा योग लक्षात आल्यापासून मला आर्थिक वाढीच्या सिद्धांतांची कुळकथा कुंडलहूनच सांगावीशी वाटते.

आधीचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. ॲडम स्मिथने १७७६ साली श्रमविभागणी सांगितली, माल्थसने वाढत्या तोंडांची भीती घातली, रिकार्डोने कमी सुपीक जमीन लागवडीखाली येत गेली की उतारा घटतो हे दाखवलं. हॅरॉड आणि डोमार यांनी बचत व गुंतवणुकीवर बोट ठेवलं. सोलोंच्या आकड्यांनी मात्र सगळ्यांना चकवलं. कामगाराच्या दर तासामागचं उत्पादन चाळीस वर्षांत जवळपास दुप्पट झालं होतं, आणि वाढलेल्या भांडवलाच्या पदरात त्यातला जेमतेम एक अष्टमांश पडत होता. उरलेले सात अष्टमांश त्यांनी तंत्रातल्या बदलाच्या नावावर टाकले. हे तंत्र येतं कुठून, हे त्यांच्या समीकरणात नव्हतं.

उद्योग रुजतो कसा, हा प्रश्न मराठी मुलखात सोलोंच्या कितीतरी आधी विचारला गेला. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानड्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडला लागू पडणारे नियम इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, उद्योगाच्या अंकुराला सरकारने कुंपण घातलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा विचार त्यांनी जर्मन फ्रीडरिख लिस्टकडून घेतला. लिस्टने तो कुठून घेतला, यावर अभ्यासकांत वाद आहे. लिस्ट १८२५ पासून काही वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहिला. म्हणून एक पक्ष अलेक्झांडर हॅमिल्टनच्या १७९१ च्या अहवालाकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष म्हणतो, अटलांटिक ओलांडण्यापूर्वीच फ्रेंच लेखकांनी त्याचं मन घडवलं होतं. माझं मत पहिल्या पक्षाला. पुस्तकात वाचलेला विचार आणि डोळ्यांसमोर उभे राहणारे कारखाने यांत दुसऱ्याचं वजन जास्त. तसं असेल तर रानड्यांचं कुंपण अमेरिकेहून जर्मनीमार्गे पुण्याला पोचलं.

इंग्रज सरकारने ते कुंपण तेव्हा घातलं नाही. ते घातलं पहिल्या महायुद्धाने. विलायती नांगर येणं थांबलं आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी आली. पण लोखंडही मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या, असं सांगतात.

मात्र एकट्या कुंपणाने पीक येत नाही. सुरुवातीला हा नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. काळ्या जमिनीत खोल शिरणाऱ्या फाळाने तो हळूहळू घालवला. रिकार्डोच्या घटत्या उताऱ्याला उत्तर द्यायला नवी जमीन लागली नाही, त्याच रानात फाळ खोल गेला.

वाढीचं मूळ ज्ञानात आहे, या माझ्या मताला सगळ्यांत तगडा प्रतिस्पर्धी म्हणजे संस्थांचा सिद्धांत: राज्यकारभार आणि नियम चांगले असतील तिथे वाढ होते. त्यासाठी असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ चं नोबेल मिळालं. या मंडळींना कुंडलची गोष्ट हवीहवीशी वाटेल. बेळगावात नगरपालिकेने किर्लोस्करांच्या आधीच्या कारखान्याची जागा काढून घेतली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. एका दारातून बाहेर, दुसऱ्या दारातून आत. हे मी मान्य करतो. पण उदार राजे इतरही संस्थानांत होते आणि ओसाड माळ तर सगळीकडेच. लक्ष्मणराव आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. आराखडा वाचणारा डोळा आणि ओतकामाची जाण ते सोबत घेऊन आले, आणि ती राजाच्या खजिन्यात नव्हती. जोएल मोकिर यांना २०२५ साली नोबेल मिळालं ते उपयुक्त ज्ञानाचा हाच धागा पकडल्याबद्दल. कुंडल रोडच्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं, यातही मला तोच धागा दिसतो. नांगर विकणाऱ्यांना वाचक घडवणंही गरजेचं वाटलं.

भांडवलाचा पक्ष कुंडलला पुन्हा डोकं वर काढतो. १९४३ पासून इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं मुख्य ठाणं राहिलेल्या या गावात त्याच चळवळीतल्या जी. डी. बापू लाडांनी पुढे क्रांती सहकारी साखर कारखाना उभा केला. शेतकऱ्यांच्या भागांतून भांडवल जमवायची ती वाट प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पाडली होती. तिथे माझी भूमिका अशी: हजारो शेतकऱ्यांनी एका कारखान्याचे मालक व्हायचं, हीसुद्धा एक कल्पनाच. पॉल रोमर यांनी १९९० साली दाखवलं की कल्पना एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी संपत नाही. प्रवरेची कल्पना कुंडलने घेतली, तेव्हा प्रवरेचं काही कमी झालं नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती आहे. सोलोंचं समीकरण फळ्यावर लिहाल तेव्हा शेजारी कुंडल रोडचा नांगर काढा, आणि विद्यार्थ्यांना एकदा किर्लोस्करवाडीला घेऊन जा.