दुर्बिणीखालचं यंत्र : जेऊर १८९८ ते तोरणमाळ

तोरणमाळला आलेल्या तुमच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे. दुर्बीण ठरली, कॅमेरा घरात आहे, आता माउंट कुठला घ्यायचा? किमतीकडे आपण शेवटी वळू. आधी सव्वाशे वर्षं मागे जाऊ, कारण हा प्रश्न महाराष्ट्रात तेव्हाच सोडवला गेला होता, आणि तोही फार घाईच्या वेळी.

२२ जानेवारी १८९८. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून सोलापूर जिल्हा आणि विदर्भ ओलांडून पुढे गेला. मुंबई-पुण्यात प्लेगची दहशत होती, आदल्या वर्षीच रँडचा खून झालेला. अशा दिवसांत नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला उतरले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला दोन तुकड्या होत्या. एक अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची, प्रमुख विल्यम कॅम्पबेल. दुसरी पुण्याची, कावसजी दादाभाई नायगमवाला यांची.

विजयदुर्गबद्दल जाता जाता एक. लॉकयरना हेलियम तिथे सापडला असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हेलियमची ती पिवळी रेषा त्यांनी १८६८ साली इंग्लंडमध्ये पाहिली. विजयदुर्गला ते आले तीस वर्षांनी. किल्ल्यावर ज्यांना लोक 'साहेबाचे कट्टे' म्हणतात, ते उपकरणं बसवायचे ओटे. म्हणजे दुर्बिणी गेल्या, भिंगं गेली, मागे राहिलं ते माउंटचं जोतं!

आता कॅम्पबेलकडे येऊ. त्यांच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर होतं ४० फूट. सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची पडायची. पण पृथ्वी फिरते, आणि एवढ्या लांब कॅमेऱ्यात ती प्रतिमा सेकंदाला पाऊण मिलिमीटरहून जास्त सरकते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात प्रतिमा दहा सेंटिमीटर पुढे जाणार. मग ४० फुटी नळी सूर्यामागे फिरवायची कशी? तर फिरवायचीच नाही. भिंग घट्ट बसवायचं आणि खालची फोटोची काच घड्याळी यंत्रावर, प्रतिमेच्या वेगाने सरकवायची. १८९३ मध्ये चिलीत लिकच्याच शेबर्ले यांनी हा कॅमेरा डोंगरउतारावर टेकवला होता. जेऊरला कुठला उतार? तिथे सपाट माळ. म्हणून कॅम्पबेलनी मनोरा उभारला आणि तोही दुहेरी. आतला भिंगाचा, बाहेरचा वारा अडवायला, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. मांडवाला हादरा बसला तरी भिंग हलू नये. आम्हाला ही युक्ती त्या ४० फुटांपेक्षा मोठी वाटते.

नायगमवालांची गोष्ट वेगळी. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली, १८८८ साली. तिची मुख्य दुर्बीण २० इंची परावर्तक, बनवणारे डब्लिनचे ग्रब. आता डब्लिन ५३ अंश उत्तरेला आणि पुणे साडेअठरा अंशांवर. विषुववृत्तीय माउंटचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा लागतो, म्हणजे जमिनीशी त्याचा कोन तुमच्या अक्षांशाइतका. डब्लिनला तो अक्ष बराच उभा, पुण्याला चांगलाच आडवा. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला गेली, १० अंशांवर. पुढे १९८० च्या दशकात लेहला, ३४ अंशांवर. जागा बदलली की अक्षाचा कल बदललाच पाहिजे, तिथे सवलत नाही.

उटीला तर स्वरूप यांच्या चमूने १९७० मध्ये डोंगरालाच माउंट केलं. ११ अंश अक्षांश, म्हणून ११ अंशांचा उतार शोधून त्यावर ५३० मीटर लांब रेडिओ दुर्बीण! शेबर्लेंनी पाहिली असती तर खूश झाले असते.

तोरणमाळ सुमारे २२ अंशांवर आहे. बाजारातले पुष्कळ माउंट युरोप-अमेरिकेतल्या चाळीस-पन्नास अंशांना सोयीचे असतात. बावीसवर अक्ष आडवा होतो, काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडू शकतो. घेण्याआधी दुकानात अक्ष २२ अंशांवर लावून, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा. पुणे-सोलापूरकरांनी १८ वर लावावा.

"पण गिरवलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण अल्ट-अझिमथ आहे ना?" हो, आहे. पण तिथे संगणक दुर्बिणीसोबत कॅमेराही फिरवतो. साध्या अल्ट-अझिमथवर तारा मध्यभागी राहतो, चित्र मात्र त्याच्याभोवती फिरतं. हा फिरण्याचा वेग अक्षांश कमी तसा वाढतो. याम्योत्तरावर ६० अंश उंचीच्या ताऱ्यापाशी तोरणमाळहून तासाला सुमारे २८ अंश, म्हणजे मिनिटाला जवळजवळ अर्धा. मधला तारा टिंब, कोपऱ्यातले कंस. चंद्र, गुरू, शनी यांना हे चालून जातं, एक्स्पोजर सेकंदाच्या अंशाचं असतं. तेजोमेघाला मिनिटं लागतात, तिथे नाही चालत.

तर किमतीचं. सगळे पैसे नळीत घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०० मिलिमीटरची साधी लेन्स घ्या : एका सेकंदात तारा सेन्सरवर १५ मायक्रॉन सरकतो, तीन-चार पिक्सेल. लेन्स अन् कॅमेऱ्याला पेलणारा छोटा ट्रॅकर इथे मोठ्या दुर्बिणीपेक्षा जास्त देईल. मोठा माउंट घेतलात तर कंपनीने लिहिलेल्या वजनाच्या निम्म्यावरच थांबा. ती मर्यादा बहुधा डोळ्याने पाहणाऱ्यांसाठी असते.

आणि वारा विसरू नका. इथे आपण ११५० मीटरवर आहोत. मनोरा नको, पण ट्रायपॉड पूर्ण उंच करू नका, आणि गाडी वाऱ्याच्या बाजूला लावा. बाहेरचा मनोरा झाला तुमचा.

अंधार पडल्यावर सगळे उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात लांब करून क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, वर एक बोट. साधारण तिथे ध्रुवतारा दिसेल. तो झाडीआड जात असेल तर अक्ष लावण्याआधीच जागा बदला. तलावाकडे थोडं मोकळं आहे का, तेही बघून ठेवा.