सांबर, शिसे आणि एक अर्धवट प्रश्न

सर सॅम्युएल बेकर या इंग्रज शिकाऱ्याच्या लंकेतील आठवणींत ‘एल्क’ नावाचा प्राणी वारंवार भेटतो. युरोपच्या थंड अरण्यातले हे मोठे हरीण लंकेत कुठून आले? ते आलेच नव्हते. बेकर ज्याला एल्क म्हणत होता, ते आपले सांबर! चिखलदऱ्याच्या दऱ्यांत आणि अकोला जिल्ह्यातल्या नरनाळ्याच्या रानात आजही आढळते, तेच. पूर्ण वाढलेला नर सव्वादोनशे ते तीनशे किलो भरतो.

एवढ्या जनावरासाठी गोळी किती वजनाची हवी? एकोणिसाव्या शतकात या प्रश्नावर शिकाऱ्यांत मोठा वाद झाला. उत्तर चुकले तर त्याची किंमत जनावराला मोजावी लागे. जखमी सांबर झाडीत शिरे आणि तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस तडफडून मरे.

त्या काळी बंदुकीचे मापच मुळी वजनावर होते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती ‘बारा बोअर’. म्हणजे गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि साडेअठरा मिलिमीटर व्यासाची. गोळी खोल जात नाही असे वाटले, की शिकारी आणखी मोठी गोळी घेत. पण येथे भूमिती आडवी येते. गोलाचा व्यास दुप्पट केला, तर वजन आठपट होते आणि वाट अडवणारी समोरची बाजू चौपट. आठपट शिसे वापरून समोरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे वजन फक्त दुप्पट वाढले! म्हणूनच बेकरची एक बंदूक साडेनऊ किलोंची होती.

यावर सोपा उपाय म्हणजे गोळी जाड न करता लांब करणे. लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून तिला स्वतःभोवती वेगाने फिरवावे लागते, आणि त्यासाठी नळीच्या आत पेचदार खाचा कोरतात. अडचण अशी, की दारू वाढवली तर मऊ शिसे त्या खाचा सोडून सरळ घसरत जाई. मेळघाटाच्या उत्तरेला तापीपलीकडच्या निमाडात अधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६३ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. त्याने गोल गोळी कायम ठेवली, पेच मात्र अगदी मंद केला. १०४ इंचांत एकच फेरा! त्यामुळे भरपूर दारू घालता आली आणि गोळी वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत जाऊ लागली.

पुढे ‘एक्स्प्रेस’ बंदुका आल्या. त्यांची गोळी हलकी, टोकाला पोकळ आणि वेग जास्त. मऊ भागात ती चांगली उघडे, पण खांद्याच्या हाडावर तिचे तुकडे होत. १८९० साली बेकरने भरीव गोळीचाच आग्रह धरला.

वादाचे रूप पालटले ते रसायनशास्त्रामुळे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. वेग वाढला, शिशावर कठीण धातूचे आवरण चढले आणि गोळी बारीक व लांब झाली. आपल्या पोलिसांच्या हाती वर्षानुवर्षे दिसलेल्या ‘थ्री-नॉट-थ्री’ची जुन्या घडणीची गोळी सुमारे १४ ग्रॅमची होती. आता हिशेब करू. बारा बोअरच्या गोळीची समोरची बाजू २.७ चौरस सेंटिमीटर, म्हणून दर चौरस सेंटिमीटरमागे वजन १४ ग्रॅम. थ्री-नॉट-थ्रीची बाजू जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर, म्हणून वजन २८ ग्रॅम. तराजूत जी गोळी निम्म्याहून हलकी, ती या हिशेबात दुप्पट जड ठरली!

म्हणजे ‘किती वजन?’ हा प्रश्नच अर्धवट होता. वजन किती क्षेत्रावर वाटले आहे आणि आदळल्यावर गोळीचा आकार टिकतो का, हे विचारायला हवे होते. पूर्ण आवरणाची गोळी बारीक छिद्र पाडून आरपार जाई, म्हणून शिकारी टोकाचे शिसे उघडे ठेवू लागले. अशा पसरणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात क्रूर म्हणून निषिद्ध ठरवल्या. शिकारीत मात्र, जनावर लवकर मरते म्हणून, त्याच कमी क्रूर मानल्या गेल्या.

वर्गात हे दाखवायला बंदूक लागत नाही. काळ्या मातीचा मऊ चिखल एका डब्यात घ्या. सारख्या वजनाची गोटी आणि खिळा घ्या. दोन्ही सारख्याच उंचीवरून सोडा. खिळा सरळ पडावा म्हणून कागदाची नळी वापरा. कोण किती रुतले, ते मुलांनाच मोजू द्या.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय मिटला. व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. आज वन्यप्राण्यांचे डॉक्टर भूल देण्यासाठी सुई बसवलेला बाण मारतात, तेव्हाही बाणाचे वजन, वेग आणि टोकाचा आकार यांचाच विचार करावा लागतो. सुईने कातडी तर भेदली पाहिजे, पण हाडाला इजा होता कामा नये. गणित तेच आहे. फक्त आता ते जनावर जगावे म्हणून करायचे आहे.