इकडे आड, तिकडे विहीर: हट्टी जंतूंची कोंडी

‘डॉक्टर, मागच्या वेळी याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं, मग आता का नाही?’ हा प्रश्न तुम्हीही कधी विचारला असेल. कधी कधी त्याचं उत्तर असं असतं: जंतू आता त्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत. पण हे बळ जंतूंना नेहमीच फुकट मिळत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली १९५२ साली. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे शिबाल्स्की आणि ब्रायसन या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूवर १५ अँटिबायोटिक्स तपासली. एकेका औषधाला न जुमानणारे जंतू त्यांनी वेगळे काढले आणि बाकीच्या औषधांसमोर ठेवले. काही जंतू इतर औषधांनाही पुरून उरले. काही मात्र दुसऱ्या एखाद्या औषधापुढे पूर्वीपेक्षा दुबळे ठरले! एका बाजूने बचाव करताना त्यांची दुसरी बाजू उघडी पडली होती.

त्या काळात नवनवी अँटिबायोटिक्स येत होती, त्यामुळे या दुबळेपणाचा उपयोग करण्याची फारशी गरज भासली नाही. आता नवी औषधं कमी येतात, म्हणून ती जुनी कल्पना पुन्हा वर आली आहे.

२०१६ मधलं उदाहरण पाहा. छातीतील महाधमनीला बसवलेल्या कृत्रिम नळीत स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झालेला एक रुग्ण. अँटिबायोटिक्स घेऊनही संसर्ग हटेना. हा जंतू पेशीत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो. येल विद्यापीठातील संशोधकांना कनेटिकट राज्यातल्या एका तळ्यात जंतूंना मारणारा एक विषाणू सापडला होता. तो नेमका त्या पंपालाच पकडून जंतूत शिरतो. म्हणजे पंप ठेवला तर विषाणू मारणार, आणि पंप बदलला तर औषध मारणार!

डॉक्टरांनी विषाणू आणि अँटिबायोटिक दोन्ही एकत्र दिले. पुढे त्या रुग्णाला शस्त्रक्रियाही लागली, पण स्यूडोमोनास पुन्हा आढळला नाही आणि अँटिबायोटिक बंद करता आलं.

एका रुग्णावरून सरसकट उपचार ठरत नाही; संशोधन चालू आहे. आणि कोणता जंतू कुठे दुबळा आहे, हे प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय कळत नाही. म्हणून ‘ही गोळी लागू पडली नाही, तर ती घेऊ’ असं स्वतःच ठरवू नका. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी कल्चर तपासणी सांगितली तर ती टाळू नका. जंतूची दुखरी नस तिथेच सापडते.