दिनविशेष : २१ मार्च – माणगाव परिषद (१९२०)

हातकणंगले तालुक्यातील माणगाव या लहानशा खेड्यात २१ व २२ मार्च १९२० रोजी भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर. वय अवघे २८, शिक्षण कोलंबिया विद्यापीठात, वास्तव्य मुंबईत. करवीर (कोल्हापूर) मुलखात त्यांना ना वतन होते, ना जहागीर. राजघराण्याला वेदोक्त विधींचा अधिकार आहे की नाही, या वेदोक्ताच्या वादापासून सनातन्यांचा रोष सोसलेले, १९१८ साली कुलकर्णी वतने खालसा करून जुन्या कारभाऱ्यांनाही दुरावलेले, त्याच वर्षी पुत्र शिवाजी यांच्या अपघाती निधनाने अंतर्यामी खचलेले आणि मधुमेहाने ग्रासलेले करवीरचे छत्रपती शाहू महाराज अशा परस्थ तरुणावर विश्वास टाकतात, हे त्यांच्या गुणग्राहकतेचे सर्वोच्च प्रमाण मानावे लागेल. परळच्या चाळीत जाऊन त्यांनी या विद्वानाची ओळख करून घेतली होती, त्याच्या ‘मूकनायक’ पत्रास द्रव्यसाहाय्य केले होते. आणि माणगावी, राजा असूनही सभेपुढे उभे राहून, तुम्हांला तुमचा खरा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी निःसंकोचपणे काढले. महाराजांचा जन्मदिवस सणाप्रमाणे साजरा करावा, असा ठराव याच परिषदेने संमत केला. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, वयाच्या ४७व्या वर्षी महाराजांचे मुंबईत देहावसान झाले.