पाठीवरचे ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतली बरीच मंडळी शनिवारी रात्री पाठीला सॅक लावून कर्जत किंवा कसाऱ्याच्या शेवटच्या गाडीला गर्दी करतात. हा शिरस्ता जुना आहे. त्या सॅकमध्ये गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू दिसू लागली. वहीसारखी मिटणारी, उघडली की टॉवेलएवढी होणारी, काळ्या चौकोनांची घडी. उन्हात पसरली की तिच्यातून वीज निघते आणि मोबाइल, कॅमेरा, डोक्याला बांधायची विजेरी यांच्या बॅटऱ्या भरतात. या घडीच्या सौर पॅनेलविषयी मला आज बोलायचे आहे. मात्र तिची गोष्ट सांगायची तर सुरुवात सह्याद्रीतल्या पाण्यापासून करावी लागते, कारण मुंबईचा उजेड बराचसा तिथूनच आला.

टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत मावळातला पाऊस अडवायचा, तो सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचा आणि त्या जोरावर चक्रे फिरवून मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायची, अशी ती योजना. पाठोपाठ १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे आली. भिऱ्यासाठी मुळशीला धरण झाले. त्यात शेतकऱ्यांच्या पिढीजात जमिनी बुडाल्या आणि १९२१ साली सुरू झालेला सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह त्यासाठीच झाला, हे आपण शाळेत शिकलो आहोत. उपनगरांत घरोघर वीज पोचवण्यासाठी १९२९ साली ‘बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय’ ही कंपनी निघाली. जुनी माणसे अजूनही बिलाला ‘बीएसईएसचे बिल’ म्हणतात, जरी तो कारभार पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ साली अदानींकडे गेला. डहाणूचे स्वतःचे केंद्र १९९५ साली उभे राहीपर्यंत ही कंपनी टाटांकडून वीज विकत घेऊन ती वाटत असे. म्हणजे अंधेरीच्या चाळीत परीक्षेच्या अभ्यासासाठी जो दिवा जळत होता, त्यात मावळच्या पावसाचा वाटा होता.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी राजमाचीला जाऊ लागलो. श्रीवर्धनच्या माथ्यावरून शिरोत्याचे पाणी दिसते. मुंबईला वीज देणारे हे पाणी डोळ्यांसमोर, आणि गडाच्या पायथ्याच्या उधेवाडीत मात्र रात्री रॉकेलच्या चिमण्या. जेवायला वाढणारी मावशी एका हाताने चिमणी सरकवत भाकरी टाकायची. ज्यांच्या डोंगरातून आपला उजेड आला, त्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जातो आणि येताना उजेड डब्यात भरून आणतो, हे तेव्हा पहिल्यांदा मनात आले. तो डबा म्हणजे आमची विजेरी.

ट्रेकरच्या विजेरीचा इतिहास मोठा आहे. फ्रान्सच्या लक्लांशे यांनी १८६६ साली जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून घट बनवला. त्यातला द्रव बाजूला करून त्याचा कोरडा सेल झाला, आणि १८९९ साली अमेरिकेत हातात धरायच्या विजेरीचे पेटंट निघाले. आपल्याकडे तीच तीन सेलची पत्र्याची लांब नळी कित्येक वर्षे चालली. तिचा तारेचा छोटा बल्ब वीज खायचा ती मुख्यतः गरम होण्यासाठी. सात-आठ तासांत उजेड पिवळा पडायचा, म्हणून दोन रात्रींसाठी सेलचे आणखी एक त्रिकूट सॅकमध्ये जायचे. पाठीवर वजन वाढायचे ते चढताना. उतरताना संपलेले सेल कुणी घरी आणायचे, पण पुष्कळसे गडावरच राहायचे. किल्ल्यांवरच्या स्वच्छता मोहिमांत पाण्याच्या टाक्यांतून आणि कपारींतून गंजलेले, फुटलेले सेल निघाले की माझ्या पोटात कालवते. ज्या टाक्यातले पाणी आपण ओंजळीने पितो, त्यातच ते सापडतात.

उन्हापासून वीज मिळते, हे शास्त्रज्ञांना फार आधी कळले होते. बेकरेल यांनी १८३९ साली हा परिणाम पाहिला. पण कामाला येईल असा सिलिकॉनचा सौर घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवला. पडलेल्या उन्हापैकी साधारण सहा टक्क्यांची तो वीज करत असे. किंमत इतकी की पहिले गिऱ्हाईक मिळाले ते अवकाशात. १९५८ साली व्हॅन्गार्ड उपग्रहावर हे घट चढले. १९७५ साली आपला ‘आर्यभट’ उडाला, तेव्हा त्याच्या सव्वीसपैकी चोवीस पैलूंवर सौर घट होते. पुढे १९७७ साली साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने भारतात सौर घट बनवला. ही पॅनेले मात्र काचेची, जड आणि चौकटीत बसवलेली. ती छपरावर ठीक, पाठीवर नव्हेत. १९७६ साली अमेरिकेत सिलिकॉनचा अगदी पातळ थर देऊन घट तयार करण्याची रीत सापडली, तेव्हा लवचिक पॅनेलची वाट मोकळी झाली. पुढे स्फटिकी सिलिकॉनचे घट स्वस्त आणि पातळ झाले, ते काचेऐवजी प्लॅस्टिकच्या आवरणात घालून कापडावर शिवता येऊ लागले, आणि आजची घडी जन्माला आली.

तरीही ही घडी एकटी काही कामाची नव्हती. तिला दोन सोबती हवे होते. एक लिथियम-आयन बॅटरी, जी १९९१ साली बाजारात आली. कमी वजनात पुष्कळ वीज साठवणारी आणि शेकडो वेळा भरता येणारी. दुसरा सोबती पांढरा एलईडी. १९९० च्या दशकात जपानमध्ये निळा एलईडी साधला, त्यातून पांढरा निघाला. निळ्या एलईडीच्या संशोधकांना २०१४ साली आणि लिथियम-आयनच्या संशोधकांना २०१९ साली नोबेल मिळाले, ते उगीच नाही. आमच्या जुन्या बल्बपेक्षा कितीतरी कमी विजेत एलईडी लख्ख उजेड देतो. उजेडाची भूक कमी झाली, म्हणून तर टॉवेलएवढ्या उन्हावर ती भागू लागली.

आता थोडा हिशेब. घडीवर २० वॉट लिहिलेले असते, ते प्रयोगशाळेतल्या प्रखर प्रकाशात आणि घट २५ अंश सेल्सिअसला असताना. आपल्या कातळावर घट साठ अंशांपर्यंत तापतो आणि तापला की वीज घटते. प्रत्यक्षात १२-१४ वॉट मिळाले तरी चांगले. थंडीतल्या स्वच्छ दिवशी चार तास नीट मांडून ठेवली, तर १०,००० मिलिअँपिअर-तासांची एक पॉवर बँक भरते. एवढ्यात एक मोबाइल दीड-दोनदा भरावा. नीट मांडणे म्हणजे काय? डिसेंबरात भर दुपारीही मुंबईच्या आकाशात सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. त्यामुळे घडी दक्षिणेकडे तोंड करून चांगली कलती ठेवावी. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा घडी आडवी पसरली तरी चालते. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली, तर त्या कोपऱ्यापुरतीच नव्हे, कित्येकदा सगळ्या घडीचीच वीज पडते, कारण घट माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. आणि एक पक्के लक्षात ठेवावे. घडी उन्हात, बॅटरी सावलीत. लिथियमच्या बॅटरीला तापल्या अंगाने भरणे मानवत नाही. मोबाइल थेट जोडण्यापेक्षा दिवसा पॉवर बँक भरावी आणि रात्री तिच्यावरून मोबाइल. ढग आला-गेला, तरी काम अडत नाही.

काही मंडळी चालताना घडी सॅकवर टांगतात. दिसायला झोकदार दिसते, पण वाट वळते, झाडी लागते आणि सॅकची पाठ सूर्याकडे क्वचितच राहते. शिवाय आपल्या लोकांचा ट्रेकचा खरा हंगाम पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत धुक्यात बुडालेल्या सह्याद्रीत ही घडी जवळजवळ मुकी होते. शनिवार-रविवारच्या ट्रेकला घरून भरलेली पॉवर बँक पुरते, हे सरळ सांगायला हवे. चार-सहा दिवसांची डोंगरयात्रा असेल, हिमालयात तळ पडणार असेल, तर घडी आपली किंमत वसूल करते. केवळ दाखवायला घेतलेली घडी म्हणजे आणखी एक कचरा.

हेच तंत्र गावात मात्र रोज कामाला येते. आमच्या उपनगरांच्या मधोमध, पवईला, आयआयटी मुंबईत २०१० साली सौर विद्युत संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. तिथल्याच प्रा. चेतनसिंह सोलंकी यांच्या पुढाकाराने खेड्यांतल्या शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचे सौर दिवे पोचवण्याचा उपक्रम चालला. त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की दिवे जुळवायचे आणि दुरुस्त करायचे शिक्षण गावातल्याच माणसांना दिले गेले. दिवा बिघडला की शहराकडे तोंड करायची गरज नाही. चिमणीच्या धुरात पाठांतर करणाऱ्या पोरांना मी पाहिले आहे, त्यामुळे या दिव्याचे मोल मला वेगळे सांगावे लागत नाही.

शंभर वर्षे डोंगराने शहराला उजेड दिला आणि त्या बदल्यात शहरातून डोंगरावर गेलेल्या वस्तूंत संपलेले सेलही होते. घडीच्या पॅनेलने हा हिशेब आपोआप फिटणार नाही. तिच्यासोबतची लिथियमची बॅटरीसुद्धा एक दिवस मरते. २००१ सालच्या बॅटरी नियमांत फक्त शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या होत्या. २०२२ सालच्या नियमांनी लहान-मोठ्या सगळ्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण गडावरून बॅटरी खाली आणण्याचे काम कुठलाही नियम करणार नाही, ते आपल्यालाच करायचे आहे. म्हणून पुढच्या वेळी सॅक भरताना घडी घ्या किंवा घेऊ नका, एक रिकामी पिशवी मात्र जरूर घ्या. आपले सेल तर तिच्यात टाकाच, पण आधीच्यांचे दिसले तर तेही उचला.